कॅश किती हवी?

मला लहानपणी विमान चालवायचं होतं. तसं लहानपणी प्रत्येकालाच काहीतरी चालवायचं असतं. आमच्या वाड्यातल्या बंड्याला आगीचा बंब चालवायचा होता. पुढे त्यानं पिठाची गिरणी चालवली. माझी मजल मात्र अर्ज भरण्यापर्यंत गेली होती. १९७१ साली, वयाच्या १८ व्या वर्षी, एका डॉक्टरांनी मला समोरच्या तक्त्यावरची सगळ्यात वरची ओळ वाचायला सांगितली. मी अत्यंत नम्रपणे विचारलं, "तक्ता कुठं आहे?" तिथंच माझं विमान जमिनीवर उतरलं. पुढची ३६ वर्षं मी एका बँकेत काढली आणि त्यातली २२ कॅश काउंटरच्या जाळीमागं. कॉकपिटची हौस पिंजऱ्यावर भागवली म्हणा ना!

ही हौस केव्हाच मेली असं मी समजून होतो. पण हौस आणि भाऊबंदकी ह्या दोन गोष्टी सहसा मरत नाहीत, नुसत्या पडून असतात. २०२० साली खरी विमानं जमिनीवर खिळली होती आणि माणसं घरात. त्याच ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टचा नवा फ्लाइट सिम्युलेटर निघाला. पुढं केव्हातरी आमच्या भाच्यानं तो माझ्या कॉम्प्युटरवर चढवून दिला. म्हणाला, "मामा, ह्यात सगळी पृथ्वी आहे. उडा कुठंही."

पृथ्वी होती, पण माझा कॉम्प्युटर इन्कमटॅक्सची रिटर्न्स आणि सौभाग्यवतींच्या पाककृती एवढ्यासाठीच जन्माला आलेला. विमान लोहगावच्या धावपट्टीवरून उडालं आणि येरवड्यावर येऊन उभं राहिलं. उभं म्हणजे अक्षरशः हवेत उभं! ही मागून भाजी निवडत बघत होती. म्हणाली, "अहो, थांबलं का?"

"सिग्नल लागला असेल," मी म्हणालो. येरवड्याला लागतोच.

तीन-चार सेकंदांनी विमानानं एक उसासा टाकला आणि ते मुळामुठेच्या पात्रात दिसलं. मधला प्रवास त्यानं आम्हाला दाखवलाच नाही. नवा कॉम्प्युटर घेतल्याशिवाय आपलं उड्डाण व्हायचं नाही हे त्या दिवशी ठरलं. मात्र ठरवण्यात काही वर्षं गेली, कारण आमच्या घरात अशा ठरावाला दुसरं वाचन लागतं. ते झालं तेव्हा मी थेट तपकीर गल्ली गाठली.

दुकानदार तरुण आणि घाईत होता. मी म्हटलं, "विमान चालवण्यासाठी प्रोसेसर हवाय."

त्यानं वर न बघता विचारलं, "कॅश किती पाहिजे?"

मी जरा दुखावलोच. म्हटलं, "कॅश अजिबात नाही. चेक देईन."

"काका, तसली कॅश नाही. प्रोसेसरमधली कॅश. ३२ एमबी, ३६ एमबी, ९६ एमबी?"

२२ वर्षं कॅशमध्ये काढलेल्या माणसाला कॅश म्हणजे काय हे एका पोरानं विचारावं! पण खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. मग त्यानं माझ्यासमोर एक निळी पेटी ठेवली. "हा घ्या. २४ कोअर. ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो." लगेच शेजारी दुसरी ठेवली. "नाहीतर हा. ह्याला ८ कोअर, पण कॅश ९६." आता एकाकडे २४ आणि दुसऱ्याकडे ८ असतील तर शहाणा माणूस २४ घेईल. पण हाच शहाणपणा मी एकदा चष्म्याच्या काचा निवडताना केला होता, त्यामुळं म्हटलं, उद्या येतो.

बँकेतली एक सवय अंगात मुरलेली आहे. कर्ज मागणाऱ्याचा चेहरा बघायचा नाही. त्याच्या बापाची पतपेढी, आजाची सावकारी, घराण्याचा सगळा इतिहास बघायचा. मी ठरवलं, ह्या प्रोसेसर नावाच्या इसमाच्याही खानदानाची चौकशी करू. भाच्यानं दिलेले कागद, वाचनालयातली पुस्तकं आणि दुपारची झोप एवढ्या भांडवलावर महिनाभर खपलो. जे हाती आलं ते सांगतो. इतिहास म्हटल्यावर पान उलटू नका. ह्यात एकही लढाई पाठ करायची नाही.

ह्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे एडविन लिंक. जन्म १९०४. वडिलांचा न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना. पोराचं लक्ष मात्र आभाळाकडे. १९२० साली त्यानं ५० डॉलर मोजून विमानाची पहिली शिकवणी घेतली, तीही चार्ली चॅप्लिनचा भाऊ सिडनी चॅप्लिन याच्याकडे. शिकवणाऱ्यानं त्याला भरपूर कोलांट्या खाऊ घातल्या, पण विमानाच्या दांडीला बोट लावू दिलं नाही. ५० डॉलरमध्ये नुसतं बसायला मिळालं. पुढं हा गृहस्थ कारखान्याच्या तळघरात शिरला आणि १९२९ साली एक ठेंगणं, आखूड पंखांचं, कुठंही न जाणारं विमान घेऊन बाहेर आला.

ते विमान हलायचं कशावर? भात्यावर! बापाच्या कारखान्यातले ऑर्गनचे भाते त्यानं विमानाच्या पोटाखाली बसवले होते. दांडी डावीकडे दाबली की झडप उघडायची, एका बाजूच्या भात्यातली हवा निघून जायची आणि विमान डावीकडे कलायचं. उजवीकडे दाबली की उजवीकडे. म्हणजे दांडीनं विचारायचं आणि भात्यानं उत्तर द्यायचं. फ्लाइट सिम्युलेटरचा पहिला प्रोसेसर पेटीचा भाता होता, हे वाचून मला भरून आलं. आमच्या घरात आजोबांची पेटी आहे. म्हणजे ह्या तंत्रज्ञानाशी आमचं तीन पिढ्यांचं नातं, फक्त आम्ही त्यावर 'विमान' न वाजवता 'भूप' वाजवत होतो.

लिंकच्या विमानाला सुरुवातीला गिऱ्हाइकं भेटली ती करमणुकीच्या बागांतली. पैसे टाका, बसा, हला, उतरा. वैमानिक लोक त्याकडे बघून हसत. मग १९३४ साल उजाडलं. अमेरिकन सरकारनं खासगी कंपन्यांकडून टपालाची विमानं काढून घेतली आणि लष्कराच्या हवाई दलाला सांगितलं, तुम्ही न्या. हवाई दलातली पोरं शूर होती, पण धुक्यात, रात्री, नुसत्या काट्यांकडे बघून उडायचा सराव त्यांना नव्हता. काही आठवड्यांत डझनभर तरुण मेले. टपालासाठी! पुढं लिंक एकदा लष्करी अधिकाऱ्यांच्या भेटीला न्यूअर्कला निघाला. त्या दिवशी हवा इतकी वाईट की हा येत नाही असं धरून अधिकारी मंडळी उठायच्या बेतात होती. तेवढ्यात हा धुक्यातून खाली उतरला. यंत्रात बसून शिकलेली विद्याच त्यानं वापरली होती. हवाई दलानं त्याच्याकडे ६ यंत्रांची मागणी नोंदवली, प्रत्येकी ३,५०० डॉलरला. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या सुमारे ५ लाख वैमानिकांनी ह्या निळ्या डब्यात बसून विद्या घेतली, असं सांगतात. खेळणं म्हणून जे हसण्यावारी नेलं, त्यानं किती घरांतले मुलगे घरी परत पाठवले ह्याचा हिशेब कोण ठेवणार? आमच्याही बँकेत वाचलेल्या पैशांचं लेजर नव्हतं. फक्त बुडालेल्यांचं होतं.

ह्या भात्यानं मला पहिला धडा दिला. सिम्युलेटरच्या प्रोसेसरला फार अक्कल लागत नाही, पण जी आहे ती वेळेवर लागते. विमान कलायचं तेव्हा कललं पाहिजे. नंतर कलून उपयोग नाही. घरात भांडण झाल्यावर तिसऱ्या दिवशी सुचणारी बिनतोड उत्तरं माझ्याकडे शेकड्यांनी पडून आहेत. त्यांचा काय उपयोग?

दुसरा पुरुष मोठा खटपटी निघाला. १९४४ च्या अखेरीस अमेरिकन नौदलानं एमआयटी ह्या विद्यापीठाला सांगितलं, आम्हाला असा सिम्युलेटर द्या, की ज्यात कुठल्याही विमानाचे आकडे भरले की तो त्या विमानासारखा वागेल. काम जे फॉरेस्टर नावाच्या तरुण इंजिनियरकडे आलं. आधी त्यानं जुन्या पद्धतीचं, म्हणजे दांडे, चाकं आणि विजेचे दाब ह्यांवर चालणारं यंत्र करायचा घाट घातला. ते जमेना. मग त्याला सुचवण्यात आलं की सगळे आकडेच करून टाक. डिजिटल कॉम्प्युटर बांध. अडचण एवढीच की त्या वेळचे कॉम्प्युटर कारकुनासारखे होते. सकाळी हिशेब द्या, संध्याकाळी उत्तर न्या. वैमानिक दांडी ओढून संध्याकाळपर्यंत कसा थांबणार? तेव्हा दांडी हातात असतानाच उत्तर देईल असं यंत्र हवं होतं. ते १९५१ साली चालू झालं. नाव व्हर्लविंड, म्हणजे वावटळ. रेडिओत असायचे तसले सुमारे ५ हजार व्हॉल्व्ह त्यात होते.

गंमत अशी, की यंत्र बांधता बांधता विमान बाजूलाच राहिलं. मुलाच्या मुंजीसाठी घर रंगवायला काढावं, मग भिंत पाडावी, मग मजला चढवावा आणि मुलगा बी.ए. झाला तरी मुंज राहूनच जावी, तसा प्रकार. नौदलाच्या सिम्युलेटरचं काम सोडून ही वावटळ देशाच्या हवाई संरक्षणाच्या कामाला लागली.

पण आपल्या कामाची गोष्ट पुढंच आहे. हे यंत्र भरभर गणित करायचं, पण गणितासाठी लागणारे आकडे जिथं ठेवले होते त्या काचेच्या नळ्या मंद आणि लहरी होत्या. प्रोसेसर तयार आणि आकडे वाटेत! तेव्हा फॉरेस्टरनं लोखंडी भुकटीच्या बारीक कड्या तारांच्या जाळीत ओवून नवीच स्मृती तयार केली. अगदी मण्यांच्या तोरणासारखी. १९५३ साली ती बसवली आणि त्याच यंत्राचा वेग दुपटीच्या घरात गेला. गणित करणारा तोच, फक्त आकडे हाताशी आले. त्या स्मृतीत १,०२४ आकडे मावत. पुढं जवळजवळ दोन दशकं जगातले कॉम्प्युटर ह्याच तोरणावर चालले.

इथं माझे कान टवकारले. पण तपकीर गल्लीची आठवण बाजूला ठेवून मी वंशावळ पुढं वाचत राहिलो.

तिसऱ्या पिढीत एकत्र कुटुंब आलं. १९६० नंतर लिंकच्याच कंपनीनं 'मार्क १' नावाचा खास सिम्युलेटरचा कॉम्प्युटर बनवला. त्यात तीन प्रोसेसर शेजारी-शेजारी काम करत. एकाकडे गणित, दुसऱ्याकडे विमानाच्या गुणदोषांचे आलेख वाचणं आणि तिसऱ्याकडे रेडिओ स्टेशनं शोधणं. रेडिओ शोधायला स्वतंत्र माणूस हे मला फार पटलं. आमच्या घरी ते काम वडिलांकडे होतं आणि त्या वेळी त्यांना दुसरं काही सांगायची सोय नव्हती.

चौथ्या पिढीत घराणं गरिबीत आलं. बडी यंत्रं सोडून विमान टेबलावर उतरलं. ब्रूस आर्टविक नावाचा विजेचा इंजिनियर, विमान चालवायचंही वेड असलेला. १९७५ साली इलिनॉय विद्यापीठातला त्याचा प्रबंध कॉम्प्युटरच्या पडद्यावर विमानातून दिसणारं दृश्य काढण्यावरच होता. तेच पुढं त्यानं ॲपल टू ह्या घरगुती कॉम्प्युटरवर उतरवलं. १९८० च्या आसपास ते विकायला आलं. त्यातला प्रोसेसर ६५०२ नावाचा, वेग सुमारे १ मेगाहर्ट्झ, आणि त्याला गुणाकार येत नव्हता! खोटं सांगत नाही. बेरीज यायची, वजाबाकी यायची, आकडा एक घर डावीकडे-उजवीकडे सरकवता यायचा. गुणाकार हवा असेल तर ह्यांतूनच जमवायचा. म्हणजे तिसरीत नापास झालेल्या पोराकडून आर्टविकनं विमान उडवून घेतलं. जमीन म्हणजे चार रेघा, डोंगर म्हणजे दोन तिरक्या रेघा. पण त्या रेघा दांडीच्या हुकमात होत्या आणि माणसं रात्र-रात्र जागून त्या रेघांवरून उडत होती.

१९८२ साली मायक्रोसॉफ्टनं आर्टविककडून हेच विमान आयबीएमच्या पीसीवर आणलं. तिथला प्रोसेसर ८०८८, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ, ह्याला गुणाकार यायचा, पण बोटं मोजत. त्या काळात आयबीएमच्या नकला बाजारात धडाधड येत होत्या. नक्कल अस्सल आहे की नाही हे ओळखायची एक सोपी युक्ती होती. त्यावर 'लोटस १-२-३' हा हिशेबाचा प्रोग्रॅम आणि हा फ्लाइट सिम्युलेटर चालवून बघायचा. दोन्ही चालले तर मुलगा चांगल्या घरातला! हिशेबाचा प्रोग्रॅम कारकुनाला लागतो हे ठीक, पण यंत्राची जात पारखायला विमान उडवून बघावं लागे, ह्याचा मला कारकून असूनही अभिमान वाटला.

ह्या विमानाचं जुनं घर म्हणजे शिकागोतला सरोवराकाठचा मेग्ज फील्ड हा लहानसा विमानतळ. वर्षानुवर्षं सिम्युलेटर सुरू केला की तुम्ही तिथल्या धावपट्टीवर उभे असायचे. २००३ सालच्या मार्च अखेरीस एका रात्री तिथल्या महापौरांनी बुलडोझर पाठवून धावपट्टीवर मोठ्या फुल्या खणून ठेवल्या. सकाळी विमानतळ खलास. आता तिथं बाग आहे. पण जुन्या सिम्युलेटरमध्ये ती धावपट्टी शाबूत आहे. ज्यांनी ती जमिनीवर कधी पाहिलीही नाही, असे लोक अजून तिथून उडतात. मी हे हिला वाचून दाखवलं. ती नुसतंच "हं" म्हणाली आणि भाजी निवडत राहिली. ह्या 'हं'कडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. लग्नाला ४८ वर्षं झाली तरी माझं 'हं'चं ज्ञान कच्चंच आहे.

पाचव्या पिढीत घराण्याला दौडीचं वेड लागलं. १ मेगाहर्ट्झचे १००, शंभराचे हजार. सगळ्यांना वाटलं, हे असंच चालायचं. पण प्रोसेसर तापायला लागले. २००४ साली इंटेलचा पेंटियम ४ कसाबसा ३.८ गिगाहर्ट्झला पोचला आणि ४ चा बेत कंपनीनं सोडून दिला. एक घोडा आणखी पळेना, म्हणून एकाच तबेल्यात दोन घोडे बांधायची टूम निघाली. ह्यालाच कोअर म्हणतात. नेमका २००६ साली मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स आला, तो एकाच घोड्याचा टांगा घेऊन! घोडा दरवर्षी जास्त पळेल ह्या भरवशावर टांगा बांधलेला, आणि बाजारात जोड्या विकायला आलेल्या. तो टांगा अनेकांच्या घरी कण्हत-कुंथत चालला. २००७ साली त्याची दुरुस्ती करून दुसऱ्या घोड्याला थोडंफार काम दिलं गेलं.

मग मी भाच्याला विचारलं, "अरे, आता तर २४ कोअर मिळतात. २४ घोडे लावले की झालं!"

भाचा म्हणाला, "मामा, तुमच्या लग्नात आचारी किती होते?"

"आठ-दहा असतील."

"आणि भटजी?"

"एक."

"मग दहाचे चाळीस आचारी केले असते, तर मंगलाष्टकं लवकर संपली असती का?"

ह्या पोराला आम्ही उगाच इंजिनियर केलं, कीर्तनकार व्हायचा. पण मुद्दा बरोबर होता. विमान ह्या क्षणाला कुठं आहे हे मागच्या क्षणाला कुठं होतं त्यावर ठरतं. मागचं उत्तर आल्याशिवाय पुढचं गणित मांडताच येत नाही. ढग, रहदारी, जमिनीचे तुकडे ही कामं वाटून देता येतात. पडद्यावर चित्र रंगवायला तर वेगळं ग्राफिक्स कार्डच असतं. पण सगळ्यांच्या शेवटी एक मुख्य धागा असतो, आणि तो एकाच कोअरला ओढावा लागतो. सेकंदाला ३० चित्रं हवी असतील तर एका चित्राला सेकंदाचा तिसावा भाग. तेवढ्यात भटजींचं 'सावधान' झालंच पाहिजे. नाहीतर अंतरपाट तसाच आणि विमान येरवड्यावर उभं!

"मग तो एक कोअर अडतो कशावर?" मी विचारलं.

"बहुतेक वेळा आकड्यांची वाट बघत. म्हणून तर कॅश."

आणि माझ्या डोक्यात एकदम जाळीमागचा दिवा लागला. काउंटरवर माझ्या उजव्या हाताशी ड्रॉवर असायचा. त्यात दिवसभराच्या नोटा. गिऱ्हाईक आलं, ड्रॉवर उघडला, पैसे दिले. पण ड्रॉवरमधल्या नोटा संपल्या की स्ट्राँगरूम. तिची एक किल्ली हेड कॅशियरकडे, दुसरी अकाउंटंटकडे आणि अकाउंटंट चहाला. मी भले सेकंदाला वीस नोटा मोजत असेन. रांग तटलेली ती तटलेलीच! प्रोसेसरचंही तेच. कॅश म्हणजे त्याचा ड्रॉवर, रॅम म्हणजे स्ट्राँगरूम. स्ट्राँगरूमला जाऊन यायला त्याच्या हिशेबानं शेकडो ठोके वाया जातात. आणि विमानाच्या खेळात गिऱ्हाईक सारखं वेगवेगळ्या नोटा मागतं: हवा, वारा, इंजीन, ढग, डोंगर. ड्रॉवर जेवढा मोठा तेवढ्या खेपा कमी.

सौभाग्यवती म्हणाल्या, "ह्यात नवीन काय? मिसळणाचा डबा शेगडीजवळ का ठेवतात?"

महिनाभराचं संशोधन तिनं एका फोडणीत संपवलं.

तर सहाव्या पिढीची हकिकत अशी. एएमडी कंपनीनं २०२२ साली पुणेरी युक्ती केली. जागा पुरेना तेव्हा प्रोसेसरवर मजला चढवला. ५८००एक्स३डी ह्या प्रोसेसरवर ६४ एमबीची जादा कॅश गच्चीसारखी रचली. खालची ३२ धरून ९६. कोअर आठच, पण विमानवाले त्यावर तुटून पडले. गच्चीचा एक तोटा होता. खालच्या बिऱ्हाडाची उष्णता वर जाईना, त्यामुळं त्याला जपून पळावं लागे. २०२४ च्या नोव्हेंबरातल्या ९८००एक्स३डी मध्ये त्यांनी कॅश तळघरात घातली आणि कोअर वर आणले. आता ते मोकळी हवा खात ५.२ गिगाहर्ट्झपर्यंत पळतात. व्हर्लविंडच्या तोरणात १,०२४ आकडे मावत. ह्या ड्रॉवरमध्ये त्याच्या ४९ हजार पट मावतात. पण धडा १९५३ चाच: हुशारी वाढवण्याआधी आठवण जवळ आणा.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "कॅश ९६!" दुकानदारानं पहिल्यांदा वर बघितलं. किंमत इथं लिहीत नाही, कारण हे पुस्तक आमच्या घरातही वाचलं जातं.

भाच्यानं रविवारी यंत्र जोडलं. मी गादीवर बसलो, दांडी हातात धरली. ही आज भाजी न घेता शेजारी येऊन बसली. म्हणाली, "सोलापूर रस्त्यानं घ्या."

तेव्हा कुठं मला त्या 'हं'चा अर्थ लागला. हिचं माहेर भीमेकाठी, पळसदेवच्या शेजारचं एक लहानसं गाव. आमचं लग्न १९७७ सालचं. १९८० साली उजनी धरण पुरं झालं आणि गाव पाण्यात गेलं. माणसं नव्या गावठाणात गेली, भाऊ पुण्याला आले. हिनं कधी तक्रार केली नाही. फक्त दर दिवाळीला शेजारणी माहेरी निघाल्या की हिचं घर झाडणं जरा जास्त वेळ चालायचं.

लोहगावहून उडालो. येरवड्यावर विमान थांबलं नाही. उरुळी कांचन गेलं, यवत गेलं, पाटस गेलं. ऊन, ढगांच्या सावल्या, खाली उसाचे हिरवे तुकडे. एकही झटका नाही. अर्ध्या तासात भिगवण आलं आणि पुढं सगळं निळं. पाणीच पाणी.

"इथंच," ही म्हणाली.

भाच्याला वाईट वाटलं. म्हणाला, "मामी, धरणाच्या आधीचा डेटा नाही हो ह्यात."

"माझ्याकडे आहे की," ती म्हणाली आणि पडद्यावर बोट ठेवलं. "हा इथं घाट. पायऱ्या अकरा, सातवी हलायची. इथून वर मारुती. मारुतीच्या उजव्या हाताला आमचं दार, दारात कडुनिंब. ह्या अंगाला पळसनाथाचं देऊळ. ते अजून उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, आमचं घर नाही येत. इथं आईचा गोठा. गाय होती, तिचं नाव..."

ती एकेक जागा दाखवत होती, कुठंही न अडखळता. निळ्या पाण्यावर बोट फिरत होतं आणि मला खरोखर आळी दिसत होती, ओटे दिसत होते. मी दांडी केव्हा सोडली मला कळलंच नाही. विमानाचं नाक हळूहळू खाली गेलं. नव्या प्रोसेसरनं मात्र एकही चित्र न चुकवता, अगदी वेळेवर, आम्हाला सरळ उजनीच्या पाण्यात नेऊन घातलं. पडदा काळा झाला.

भाचा ओरडला, "मामा, क्रॅश!"

मी ओशाळून हिच्याकडे बघितलं. तिनं पदरानं डोळे टिपले आणि हसून म्हणाली, "असू दे. पोचले एकदाची माहेरी."